गाडी अड्डा ते सम-विषम : कोल्हापूरच्या पेठेतला थांबा

कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरजवळ ‘गाडी अड्डा’ नावाची एक मोकळी जागा आहे. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या परगावच्या गाड्या तिथे उभ्या राहतात, आणि नाव ऐकून बाहेरचा माणूस थोडा बिचकतो. ‘अड्डा’ म्हटले की आज दारू, जुगार किंवा रिकामटेकड्यांची बैठक डोळ्यांसमोर येते. मूळ अर्थ साधा आहे : थांबण्याची, एकत्र जमण्याची जागा. इथली गाडी म्हणजे बैलगाडी. बैल सोडायचे, जू जमिनीला टेकवायचे, वैरण टाकायची आणि मग पायी पेठेत शिरायचे, अशी ती रीत. शहराने वाहनतळाचे धोरण कागदावर मांडले त्याच्या कितीतरी आधी ते या दोन शब्दांत मांडून ठेवले होते. गाडी बाहेर, गिऱ्हाईक आत.

जुने कोल्हापूर तटबंदीतले शहर. मेजर ग्रॅहम याने 1854 साली संस्थानाचा सांख्यिकी अहवाल प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी इथे नगरपालिका आली. म्हणजे मोजदाद आणि नगरकारभार हे दोन्ही या गावात एकाच सुमारास शिरले. तट पुढे बहुतेक गेला, वेशीही गेल्या. गंगावेश, रंकाळा वेश, वरुणतीर्थ वेश ही नावे मात्र अजून बसच्या पाट्यांवर आहेत. वेशीच्या आतले रस्ते डोक्यावरचा भारा, घोडा, पालखी आणि उत्सवातला रथ यांच्या मापाने झाले. गुजरीत सोने घ्यायला आलेला माणूस काही टन माल घेऊन जाणार नव्हता. महाद्वार म्हणजे देवळाचा पश्चिम दरवाजा. त्यासमोरचा बाजार हा देवदर्शन करून पायी परतणाऱ्यांचा बाजार होता. तिथल्या दुकानाची पायरी रस्त्याला इतकी लगटून असते ती त्यामुळेच.

अवजड माल आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळी पेठ वसवावी लागली. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे 1891 मध्ये आली आणि 1895 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी स्टेशन आणि जुने गाव यांच्या दरम्यान शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. शाहू महाराजांच्या कार्याविषयी लिहिताना तिचा उल्लेख गुळाच्या व्यापाराला दिलेले उत्तेजन म्हणून होतो. ते खरेच आहे. पण शहररचनेच्या बाजूने पाहिले तर शाहूपुरी हे गाड्या कुठे थांबवाव्यात या प्रश्नाचे उत्तर होते. गुळाचे रवे भरलेली बैलगाडी जुन्या गावात न शिरताच पेढीसमोर येई आणि तिथून माल रेल्वेवर चढे. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले. दिवाळीच्या पाडव्याला अजूनही तिथे मुहूर्ताचे सौदे निघतात. प्रत्येक वेळी पेठ एक पाऊल बाहेर सरकली आणि आतल्या रस्त्यांना श्वास मिळाला. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, 1922 ते 1940 या काळात, आकार घेतलेली राजारामपुरी तर आखून काढलेली वसाहत. तिच्या गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत. लक्ष्मीपुरीचा धान्य बाजार मात्र जागचा हलला नाही. तो टेंबलाईवाडीला न्यायचा विषय इतकी वर्षे चर्चेत आहे की त्यावरच एक स्वतंत्र लेख होईल.

मग सायकल आली. सायकलचा इतिहास आपण फार हलक्यात घेतो. त्या काळी महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि पावती म्हणून पत्र्याचा बिल्ला देत. चित्रपटगृहांबाहेर सायकल स्टँड असे, तिथे काही पैसे देऊन टोकन घ्यायचे आणि निर्धास्तपणे आत जायचे. उभे राहण्याचे पैसे द्यायचे म्हणजे काहीतरी अन्याय झाला, असे त्या पिढीला वाटत नव्हते. फुकट उभे राहण्याचा हक्क ही कल्पना पुढची.

ती दुचाकीबरोबर आली. 1972 ची लूना, 1984 ची कायनेटिक होंडा, 1985 ची हिरो होंडा : या गाड्यांनी जे केले ते बैलगाडीने आणि ट्रकने कधी केले नव्हते. बैलगाडी माल आणत असे; दुचाकी गिऱ्हाइकाला आणू लागली. माल बाहेर अडवता येतो, गिऱ्हाइकाला कसे अडवणार? त्यातून कोल्हापूरची एक खास अडचण. 1972 च्या डिसेंबरात नगरपालिकेची महानगरपालिका झाली, पण हद्द तेवढीच राहिली, सुमारे 67 चौरस किलोमीटर. हद्दवाढीचा प्रश्न पन्नास वर्षे लोंबकळतो आहे. उचगाव, पाचगाव, कळंब्याचा माणूस ग्रामपंचायतीत घरपट्टी भरतो आणि लग्नाचा बस्ता महाद्वार रोडवर काढतो. त्याची गाडी उभी करण्याची सोय मात्र महापालिकेने करायची. दुकानदाराला तो हवाच असतो. पालिकेच्या हिशेबात तो कुठेच नसतो.

आता एका दुकानासमोरचा हिशेब मांडून पाहू. दहा फूट दर्शनी भाग असलेल्या दुकानासमोर आडव्या ओळीत तीन, फार तर चार दुचाकी मावतात. मालकाची एक आणि दोन नोकरांच्या दोन गाड्या सकाळी दहाला तिथे लागल्या की रात्री आठपर्यंत हलत नाहीत. गिऱ्हाईक साधारण अर्धा तास थांबते असे धरले, तर दहा तासांत एका जागेवर वीस गिऱ्हाइके येऊन जाऊ शकतात. म्हणजे तीन गाड्यांनी साठ जणांची जागा अडवली. आणि सायंकाळी तोच दुकानदार ‘पार्किंग नाही म्हणून धंदा बसला’ असे सांगतो. त्याचे म्हणणे खोटे नसते, अर्धवट असते. उरलेला अर्धा दोष त्याचा नाही. वाड्यांच्या जागी व्यापारी संकुले उठली, तेव्हा मंजूर नकाशातले तळघर वाहनांसाठी होते. प्रत्यक्षात तिथे गाळे निघाले. जो जुन्या इमारतीत दहा फुटांचे दुकान चालवतो त्याच्या वाट्याला त्या संकुलाच्या गाड्याही येतात.

या गुंत्यावर निघालेला तोडगा म्हणजे सम-विषम पार्किंग. सम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला गाड्या, विषम तारखेला दुसऱ्या. वाहतुकीच्या शास्त्रात याला फारसे मोल नसेल. जागा तेवढीच राहते. पण त्यातला न्याय बाजाराला पटतो. दारात गाड्यांची भिंत असण्याचा त्रास आणि दारात गाडी लावता येण्याचा फायदा, दोन्ही समोरासमोरच्या शेजाऱ्यांत वाटले जातात. एकतीस तारखेनंतर एक तारीख आली की सलग दोन दिवस विषम, त्या दिवशी गोंधळ ठरलेला. तेवढ्यात क्रेन येते आणि गिऱ्हाईक साडी तशीच टाकून धावते.

पैसे आकारावेत हा दुसरा मार्ग. जगातले पहिले पार्किंग मीटर 16 जुलै 1935 रोजी अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत बसले, तासाला पाच सेंट. ती कल्पना पुढे रेटणारा कार्ल मॅगी हा पत्रकार, आणि तिच्यामागे तक्रार होती ती व्यापाऱ्यांचीच : दुकानांतले नोकर दिवसभर जागा अडवतात. म्हणजे आपल्या दहा फुटांचा हिशेब तिथे नव्वद वर्षांपूर्वी मांडला गेला होता. कॅलिफोर्नियातल्या जुन्या पॅसाडेनात 1993 मध्ये मीटर लागले तेव्हा व्यापाऱ्यांचा विरोध मावळला तो एका अटीवर. जमलेला पैसा त्याच पेठेच्या पदपथांवर, दिव्यांवर आणि स्वच्छतेवर खर्च व्हायचा होता.

कोल्हापुरात ‘पे अँड पार्क’ म्हटले की लोकांना टोल आठवतो. सुमारे 220 कोटींच्या रस्ते प्रकल्पापोटी 2013 मध्ये शहराच्या नाक्यांवर टोलवसुली सुरू झाली. प्रा. एन. डी. पाटील, कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखे नेते रस्त्यावर उतरले, आणि 2016 पर्यंत हा टोल इतिहासजमा झाला. यावरून ‘कोल्हापूरकर पैसे देत नाहीत’ असा निष्कर्ष काढणे मला चुकीचे वाटते. आंदोलनातले आक्षेप कामाच्या दर्जाचे होते, कराराच्या हिशेबाचे होते. सायकलचा बिल्ला घेणारे हेच गाव होते. महाद्वार रोडवर तासाला दहा रुपये घेऊन ते पैसे त्याच रस्त्यावरच्या स्वच्छतागृहावर लावले आणि हिशेबाचा फलक पापाच्या तिकटीला टांगला, तर आंदोलन होईल की नाही, याची परीक्षा एकदा व्हायला हवी. अट एकच : पहिला अर्धा तास फुकट. पान, फुले, औषधाची एक पट्टी घ्यायला आलेल्याकडून दहा रुपये घेतले तर छोटा दुकानदार उठेल आणि मॉल बसेल.

गाड्या पूर्ण बंद केल्या तर काय होते, हेही शहर दर वर्षी पाहते. नवरात्रात देवळाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद होतात आणि माणसांनी भरून जातात. साडी, ओटीचे सामान, पेढे, कोल्हापुरी साज विकणाऱ्यांना ते दिवस सुगीचे. पण त्याच रस्त्यावर कुकर दुरुस्त करणारा आहे, पिठाची गिरणी आहे, लोखंडी सामान विकणारा आहे. त्यांचे गिऱ्हाईक भाविक नसते आणि रिकाम्या हाताने परत जात नसते. पादचारी पेठेची चित्रे काढणारे बहुधा पहिल्या प्रकारची दुकाने पाहून काढतात. दुसऱ्या प्रकारची दुकाने गेली की पेठ उरत नाही, यात्रा उरते.

दरम्यान मोठी उत्तरे उभी राहत आहेत. तीर्थक्षेत्र आराखड्यातून सरस्वती टॉकीजशेजारी बहुमजली वाहनतळ आला. मंदिर परिसराच्या नव्या, चौदाशे कोटींहून मोठ्या आराखड्याला 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली; त्यात आपले दुकान राहणार की जाणार, ही देवळाजवळच्या व्यापाऱ्यांची चिंता पार्किंगपेक्षा मोठी आहे. गाडी अड्ड्याची अडचण वेगळी. जवळून जयंती नाला वाहतो, आणि 2019 व 2021 च्या महापुरांत व्हीनस कॉर्नर पाण्याखाली गेला होता. बैल पाणी चढण्याआधी हाकून नेता येत. उभ्या बसेसचे तसे नाही. उंचावरचा पर्याय म्हणजे बिंदू चौक. तिथल्या वाहनतळावर उतरलेले भाविक जुन्या तटाचा उरलेला बुरूज मागे टाकून, भवानी मंडपाच्या दिशेने, पायी गावात शिरतात.