पुण्याची बिअर: छावणीपासून शहरापर्यंत

२००९ साली पुण्यात ‘डूलॅली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. राज्यातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी ती एक. २०१४ मध्ये मुंढव्यात ‘इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी’ आली आणि जागेवरच तयार होणारी ताजी बिअर शहराची एक ओळख बनू लागली. या लोकप्रियतेचे श्रेय बहुतेक जण आयटीतल्या पगारांना आणि परदेशवाऱ्यांना देऊन मोकळे होतात. हे कारण खोटे नाही, पण अपुरे आहे. पुण्याच्या वेशीवर बिअर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीही तयार होत होती, तरी ती पुण्याची कधी झाली नाही. भट्टी कुठे आहे, एवढ्यावर पेय स्थानिक ठरत नाही. ते कोणासाठी तयार होते आणि त्यात इथले काय पडते, यावर ते ठरते.

५ नोव्हेंबर १८१७ च्या पेशवे-इंग्रज लढाईनंतर पुण्याजवळच्या खडकीला इंग्रजांची छावणी वसली. गोऱ्या शिपायांसाठी बिअर जहाजाने विलायतेहून येई. लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून हॉप्स जास्त घातलेली पेल एल ही बिअर आधी लंडनच्या हॉजसन ब्रुअरीकडून आणि पुढे इंग्लंडमधल्याच बर्टनहून निघे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रुअर एच. जी. मीकिन यांनी आधीचे ब्रुअर डायर यांच्या कसौली आणि सिमल्याच्या जुन्या ब्रुअरी विकत घेतल्या आणि नव्या उभारल्या. त्यांतली एक खडकीची. रानीखेत, डलहौसी, चक्राता या इतर जागा पाहिल्या की हिशेब कळतो: जिथे पलटण, तिथे ब्रुअरी. कडक दारूपेक्षा शिपायाने बिअर प्यावी, हे लष्कराच्याही सोयीचे होते. या व्यवहारात पेठांमधल्या पुण्याला जागाच नव्हती.

त्याच काळात १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यातले दारू गाळणे सरकारी नियंत्रणाखाली आणले. मोहाची दारू आणि ताडी-शिंदी ही सामान्यांची पेये महसुलाची बाब झाली. म्हणूनच १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यातल्या दारूच्या दुकानांवर पिकेटिंग झाले, तेव्हा त्यात नीतीइतकाच महसुलाचा राग होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यच बेकायदा ठरवले. पुढे बंदी सैल झाली, पण परवान्याची चौकट राहिली. अशा चौकटीत मोठ्या कारखान्यांची बाटलीबंद, एकसारखी बिअरच फोफावली. छोट्या उत्पादकाला परवाना मिळू लागला तेव्हा पुण्याची बिअर शक्य झाली. चव आणि पैसा त्याआधीही होता, वाट नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा की आजच्या बिअरमध्ये तरी पुण्याचे काय आहे? हॉप्स परदेशी, बार्ली उत्तरेकडची. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर अजून अर्धेच मिळाले आहे. ‘ग्रेट स्टेट एल वर्क्स’ने बिअरमध्ये कोकम आणले. ‘मूनशाइन’ने पुण्यात मधापासून मीड हे मद्य बनवायला घेतले. इथली फळे, मध आणि धान्य पेयात उतरू लागले, हा खडकीच्या काळापासूनचा खरा फरक आहे. ज्वारी-बाजरीच्या मुलखात तो आणखी पुढे न्यायला हवा.

दुसरा आक्षेप दारूबंदीच्या परंपरेचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. व्यसनाने घरे उद्ध्वस्त होतात. ताजी, महागडी बिअर म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. मात्र १९०८ च्या आंदोलकांचा प्रश्न होता की विक्रीचा फायदा कोणाला आणि किंमत कोण मोजतो. तोच प्रश्न आज या धंद्याला विचारावा: शेतकऱ्याला किती मिळते, वयाचे आणि वाहन चालवण्याचे नियम पाळले जातात का, आणि महसुलाच्या लोभाने सरकार डोळेझाक करते का? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे जो उत्पादक देईल, त्याच्याच बिअरला पुण्याचे नाव शोभेल.