बिलियर्ड्सचा चेंडू : हस्तिदंतापासून प्लॅस्टिकपर्यंत

बिलियर्ड्सचा चेंडू दिसावयास साधा असला, तरी त्याचा इतिहास हत्तींची शिकार आणि प्लॅस्टिकचा उदय या दोन्हींशी निगडित आहे.

प्रारंभी हे चेंडू लाकडाचे किंवा मातीचे असत. सतराव्या शतकापासून युरोपात हस्तिदंती चेंडू वापरात आले. टणकपणा आणि उसळी यांमुळे ते लोकप्रिय ठरले. मात्र वजनाचा समतोल राखण्यासाठी चेंडू सुळ्याच्या नेमक्या मध्यभागातून कातावा लागे. त्यामुळे एका सुळ्यातून मोजकेच चेंडू निघत. शिवाय हवेतील आर्द्रतेमुळे त्यांचा आकार बिघडे आणि त्यांना तडेही जात.

एकोणिसाव्या शतकात खेळाचा प्रसार झाला, तसा हत्तींचा संहारही वाढला. हस्तिदंताच्या वाढत्या किमतीमुळे १८६०च्या दशकात अमेरिकेतील फेलन अँड कॉलेंडर या कंपनीने पर्यायी पदार्थासाठी १०,००० डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. त्यातून प्रेरणा घेऊन जॉन वेस्ली हयात यांनी प्रयोग आरंभले. १८७० मध्ये त्यांनी आपल्या बंधूंसमवेत सेल्युलॉइडच्या निर्मितिप्रक्रियेचे पेटंट मिळविले. त्यांचे सुरुवातीचे चेंडू ज्वालाग्राही होते. जोरात आदळल्यास क्वचित टिकली फुटल्यासारखा आवाज होई, असे हयात यांनीच पुढे सांगितले.

१९०७ मध्ये लिओ बेकलँड यांनी फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकेलाइट तयार केले. आजचे दर्जेदार चेंडू याच कुळातील फिनॉलिक रेझिनचे असतात. स्वस्त चेंडूंसाठी पॉलिएस्टर वापरतात.

खेळानुसार चेंडूंचे प्रकार बदलतात. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये पांढरा, पिवळा व लाल असे तीन चेंडू असून त्यांचा व्यास ५२.५ मिलिमीटर असतो. १८७५ मध्ये जबलपूर येथे ब्रिटिश अधिकाऱ्यांमध्ये उदयास आलेल्या स्नूकरमध्ये याच आकाराचे २२ चेंडू लागतात : १५ लाल, सहा अन्य रंगांचे व एक पांढरा. अमेरिकी पूलमध्ये ५७.१५ मिलिमीटर व्यासाचे १६ चेंडू असतात. त्यांपैकी पांढरा वगळता इतरांवर १ ते १५ असे क्रमांक असतात. टेबलाला खिसे नसलेल्या कॅरम बिलियर्ड्सचे तीन चेंडू या सर्वांपेक्षा मोठे, सुमारे ६१.५ मिलिमीटर व्यासाचे असतात.

हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर व्यापक बंदी घालण्याचा निर्णय १९८९ मध्ये झाला. तोपर्यंत या खेळाने हस्तिदंताची साथ केव्हाच सोडली होती.