सिसिलीच्या फळबागा

ऑगस्टच्या अखेरीपासून सिसिली बेटावर रस्त्यांच्या कडेला आणि मंडयांतून एक फळ विकावयास येते. बाहेरून काटेरी, आतून पिवळे, तांबडे किंवा फिकट पांढरे, आणि बियांनी गच्च भरलेले. विक्रेता हातात जाड मोजे चढवतो, सुरीच्या दोन-तीन चिरांत साल उलगडतो आणि गार गर गिऱ्हाइकापुढे धरतो. ह्या फळाला तेथे ‘फिको दिंदिया’, म्हणजे हिंदुस्थानचे अंजीर, असे म्हणतात. मराठी माणूस ते पाहताच ओळखील, परंतु वेगळ्याच नावाने: हे तर फड्या निवडुंगाचे बोंड! गंमत अशी की, हिंदुस्थानचे नाव मिरवणाऱ्या ह्या फळाचा हिंदुस्थानशी मुळात काहीच संबंध नाही. त्याचे माहेर मेक्सिको. कोलंबस ज्या भूमीला हिंदुस्थान समजून बसला, तिच्या नावाचा हा शिक्का त्या निवडुंगावर उमटला आणि तो पाच शतके पुसला गेला नाही. उलट, ज्या फळांचे हिंदुस्थानशी खरे नाते आहे ती नारिंग आणि लिंबू त्याच मंडईत शेजारच्या टोपल्यांत असतात, आणि त्यांना कोणी परदेशी मानीत नाही.

भूमध्य समुद्रातील ह्या बेटावर सुट्टीसाठी येणारा प्रवासी हौसेने ‘इथलेच फळ’ मागतो. द्राक्षे, ऑलिव्ह आणि अंजीर ही जुनी मंडळी सोडली, तर त्याच्या हाती पडणारे जवळजवळ प्रत्येक फळ कोणा राज्यकर्त्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या मागोमाग बेटावर आलेले असते. ते तेथे रुजले ह्याचे श्रेय एटना ज्वालामुखीच्या सुपीक मातीला सगळेच देतात. पाण्याला मात्र क्वचितच कोणी देतो. सिसिलीत पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो, आणि लिंबाच्या झाडाला पाण्याची खरी निकड असते ती नेमकी तेव्हाच. म्हणून फळ कोणी आणले ह्यापेक्षा पाणी कोणाच्या हाती होते, हा प्रश्न तेथील इतिहासात अधिक महत्त्वाचा ठरला आहे.

रोमन अमदानीत सिसिली हे गव्हाचे कोठार होते. गव्हाला हिवाळी पाऊस पुरतो; पाटाच्या पाण्याची खटपट नको. ही स्थिती बदलली ती इ. स. ८२७ मध्ये उत्तर आफ्रिकेतून अरबी फौजा माझारा येथे उतरल्यानंतर. ८३१ मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती आले. सारे बेट जिंकण्यास पुढे सत्तर वर्षे लागली. ह्या नव्या धन्यांना वाळवंटाच्या काठावर पाणी राखून शेती करण्याची विद्या अवगत होती. त्यांनी विहिरींवर रहाट बसविले, हौद बांधले, पाट खोदले. आजही सिसिलीच्या बोलीत हौदाला ‘जेब्बिया’, पाटाला ‘साया’ आणि रहाटाला ‘सेनिया’ म्हणतात. तिन्ही शब्द अरबी आहेत. लिंबू-नारिंगाच्या फुलाला ‘झागरा’ म्हणतात, तोही अरबीच. राज्ये गेली, धर्म बदलला, परंतु पाणी देणाऱ्या माणसाच्या तोंडचे शब्द बदलले नाहीत.

ह्याच पाण्यावर कडू नारिंग आणि लिंबू वाढले. त्यांचा उगम आसाम, ब्रह्मदेश आणि दक्षिण चीन ह्यांच्या आसपासच्या मुलखात कोठेतरी झाला असावा असे मानतात. संस्कृतातील ‘नारंग’ शब्द द्राविड भाषांतून आला असावा असाही विद्वानांचा तर्क आहे. तो इराणात ‘नारंग’, अरबांकडे ‘नारंज’ आणि स्पेनमध्ये ‘नारांहा’ झाला. इटलीत आरंभीचा ‘न’ गळून ‘आरांचा’ उरला. ‘लिंबू’ची वाट तशीच: फारशीत लीमू, अरबीत लैमून, इटालियनमध्ये लिमोने. नागपूरचा संत्री विकणारा आणि पालेर्मोचा लिंबू विकणारा एकमेकांचे काही न समजता समोरासमोर उभे राहिले, तरी एवढे दोन शब्द त्यांना बहुधा अडणार नाहीत.

अकराव्या शतकात नॉर्मन सरदारांनी बेट घेतले. १०७२ मध्ये पालेर्मो पडले. ह्या उत्तरेकडच्या लढवय्यांनी अरबांच्या बागा उखडल्या नाहीत. त्यांतच राजवाडे बांधले. ११६५ च्या सुमारास सुरू झालेला ‘झीसा’ हा राजवाडा अशाच एका बागेत उभा राहिला, आणि त्याचे नावही ‘अल्-अझीझा’ ह्या अरबी शब्दावरून पडले. पुढे सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने मुसलमान प्रजेला बेटावरून हलवून इटलीतील लुचेरा येथे वसविले. माणसे गेली आणि त्यांच्या बरोबर हातांतले कसबही गेले. १२३९ मध्ये त्याच सम्राटाला पालेर्मोची खजुराची बाग राखण्यासाठी उत्तर आफ्रिकेतून आलेल्या ज्यू लोकांकडे वळावे लागले. बाग ही हुकमाने लावता येते, पण हुकमाने राखता येत नाही, हे ध्यानात येण्यास राज्यकर्त्यांना नेहमीच थोडा उशीर होतो.

गोड संत्रे ह्या साऱ्यानंतर आले. पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे त्याचा प्रसार इतका झाला की, सिसिलीच्या बोलीत त्याचे नावच ‘पुर्तुआल्लु’ पडले. एटनाच्या पायथ्याशी होणारे तांबड्या गराचे संत्रे हे सिसिलीचे खरे भूषण. डिसेंबर ते एप्रिल हा त्याचा हंगाम. मोरो, तारोक्को आणि सांग्विनेल्लो ह्या त्याच्या तीन मुख्य जाती. मोरोचा गर जवळजवळ काळपट जांभळा, तर तारोक्कोत तांबड्या छटा असतात आणि गोडी अधिक. हा रंग केवळ जातीवर अवलंबून नसतो. दिवसा ऊन आणि रात्री कडक गारवा असला, तरच तो नीट उतरतो. झाडातील रंग निर्माण करणारे जनुक थंडीने जागे होते, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. तेच झाड उबदार रात्रींच्या प्रदेशात लावले तर फळ फिकट राहते.

परंतु सिसिलीचे नशीब पालटले ते लिंबाने. १७४७ मध्ये जेम्स लिंड ह्या ब्रिटिश आरमाराच्या वैद्याने ‘सॉल्सबरी’ जहाजावर बारा रोगी खलाशांवर निरनिराळे उपचार करून पाहिले. खलाशांच्या हिरड्या सडवून त्यांचा जीव घेणाऱ्या स्कर्व्ही रोगावर संत्री आणि लिंबे गुणकारी ठरली. तरीही आरमारात लिंबाचा रस सर्रास देण्याचा निर्णय होण्यास १७९५ साल उजाडले. सरकारी कागद समुद्रावरही फारसा वेगाने चालत नाही. त्यानंतर सिसिलीच्या लिंबाला मागणी आली आणि एकोणिसाव्या शतकात ती अमेरिकेपर्यंत पोहोचली. पालेर्मोभोवतीच्या ‘कोन्का दोरो’ ह्या खोलगट मैदानात लिंबाची जमीन सोन्याच्या मोलाने जाऊ लागली.

लिंबाची बाग उभी करणे मात्र सोपे नव्हते. झाड फळावर येण्यास काही वर्षे जात. तोवर विहीर, पंप, पाट, वाऱ्यापासून आणि चोरांपासून रक्षण करणाऱ्या उंच भिंती, ह्या सर्वांवर पैसा ओतावा लागे. पाटाचे पाणी दोन-चार दिवस तोडले, किंवा एका रात्रीत फळ उतरवून नेले, तर सारे भांडवल बुडे. १८६० नंतर सिसिली संयुक्त इटलीत सामील झाली होती, परंतु नव्या राज्याचा शिपाई बागेच्या भिंतीपर्यंत पोहोचत नव्हता. ही पोकळी राखणदार, पाणीवाटप करणारे आणि दलाल ह्यांनी भरून काढली. ते संरक्षण विकू लागले. आणि जो विकत घेईना, त्याला संरक्षणाची गरज का आहे हे ते स्वतःच पटवून देऊ लागले.

डॉ. गास्पारे गालाती ह्या शल्यवैद्याची हकीकत ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १८७२ मध्ये पालेर्मोजवळची लिंबू-मँडरीनची एक बाग त्याच्या ताब्यात आली. बागेत वाफेवर चालणारा पंपही होता. राखणदार विक्रीच्या पैशातून वाटा काढतो आणि बाग बदनाम करून स्वस्तात बळकावू पाहतो, हे लक्षात येताच गालातीने त्याला काढून टाकले. १८७४ च्या जुलैमध्ये नवा राखणदार गोळी घालून मारण्यात आला. दुसरा नेमला, त्याच्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या. धमकीची पत्रे आली. पोलिसांकडे केलेल्या तक्रारींतून काही निष्पन्न झाले नाही. १८७५ मध्ये डॉक्टर बायकामुलांसह नेपल्सला निघून गेला आणि तेथून त्याने गृहमंत्र्यांना सविस्तर निवेदन पाठविले. लागवडीचे कष्ट, रुग्ण, मित्र, सर्व मागे राहिले. पुढच्याच वर्षी फ्रांकेत्ती आणि सोन्नीनो हे दोन तरुण अभ्यासक सिसिलीची पाहणी करून गेले. माफिया नावाची जी संघटना पुढे जगाला माहीत झाली, तिचे एक बीज ह्याच सुगंधी बागांत रुजले, असे इतिहासकार मानतात. १८८० च्या दशकातील सरकारी चौकशीची माहिती तपासून २०१७ मध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनीही दाखविले की, जेथे लिंबू-संत्र्यांची लागवड होती, तेथे माफियाचा वावर अधिक होता.

बागाईतदारांच्या कौशल्याची गोष्ट मात्र ह्या काळोखात विसरता कामा नये. उन्हाळ्यात लिंबे दुर्मिळ होऊन भाव चढतो, म्हणून ते जून-जुलैत पाणी मुद्दाम तोडीत, पाने मलूल होऊ देत आणि मग एकदम खत-पाणी देत. झाड अवेळी फुलून दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात हिरवी लिंबे देई. विदर्भातील संत्रा बागाईतदाराला हे ऐकून नवल वाटणार नाही. ताण देऊन बहार धरणे ते हेच. हाच न्याय त्यांनी निवडुंगालाही लावला. जूनमध्ये, सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास, पहिली फुले आणि कोवळी बोंडे झोडपून टाकतात. झाड पुन्हा फुलते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठी, रसाळ, कमी बियांची बोंडे देते. एका शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या द्वेषाने त्याची फुले पाडली आणि शेजाऱ्याचेच भाग्य उघडले, अशी एक दंतकथा ह्या रीतीविषयी सांगतात. निवडुंग खाणाऱ्याने ही उशिराची बोंडेच मागावीत. ऑगस्टची बोंडे त्यांच्यापुढे फिकी ठरतात.

लिंबाची भरभराट पहिल्या महायुद्धानंतर ओसरली. कॅलिफोर्नियाची फळे बाजारात होतीच. त्यात १९१९ मध्ये अमेरिकेत साखरेपासून बुरशीच्या साहाय्याने सायट्रिक आम्ल काढण्याचा कारखाना निघाला. सिसिलीच्या हलक्या प्रतीच्या लिंबाचा मोठा गिऱ्हाईक त्या आम्लाचाच धंदा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर पालेर्मो शहर ‘कोन्का दोरो’वर पसरले. १९५० च्या दशकापासून पुढे बेबंद बांधकामांनी बहुतेक बागा गिळल्या, आणि त्या व्यवहारात माफियाचा हात उघडपणे होता. शहराच्या कडेचे चाकुल्ली हे गाव त्यातून काही अंशी वाचले. तेथेच ३० जून १९६३ रोजी मोटारीतील स्फोटाने पोलीस आणि सैन्यातील सात जणांचा बळी गेला. त्याच चाकुल्लीत १९४० च्या दशकात मँडरीनची एक उशिरा पिकणारी जात आपोआप निपजली. साल पातळ, बिया थोड्या, साखर भरपूर. जानेवारी ते मार्च ह्या काळात पालेर्मोत असणाऱ्याने ती चाखल्यावाचून परतू नये.

इतर ऋतूंतही बेट रिकाम्या हाताने पाठवीत नाही. मे महिन्यात लोकाट येते, जूनच्या अखेरीस काळी तुती. तुतीचा बर्फाळ ‘ग्रानिता’ सकाळी पावाबरोबर खातात. पूर्वी त्यासाठी एटनावरचे बर्फ साठवून ठेवीत. ब्रोंते गावाचा पिस्ता वर्षाआड, विषम वर्षांच्या सप्टेंबरात उतरतो. १७९९ मध्ये नेपल्सच्या राजाने ह्या ब्रोंतेची जहागीर नेल्सनला दिली होती. नेल्सनने तेथे कधी पाऊलच ठेवले नाही.

अलीकडे ह्या बागांपुढे नवी संकटे उभी आहेत. गोड संत्र्याचे कलम शतकभर कडू नारिंगाच्या खुंटावर बांधीत. अरबांचे ते जुने झाड असे पायाशी राहून साऱ्या बागा पेलीत होते. २००२ पासून पसरलेल्या ‘त्रिस्तेझा’ विषाणूने नेमकी हीच कलमे मारली, आणि हजारो झाडे उपटून नव्या खुंटांवर लावावी लागली. ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिराकुसाजवळ ४८.८ अंश सेल्सिअस तपमान नोंदले गेले. २०२४ मध्ये अवर्षण असे झाले की, मे महिन्यात इटलीच्या सरकारला बेटावर आणीबाणी जाहीर करावी लागली आणि पेर्गुसा सरोवर आटले. रात्रीचा गारवा कमी होत गेला तर तांबड्या संत्र्याचा रंग टिकेल काय, ही चिंता एटनाच्या पायथ्याशी आहेच.

ह्या वाढत्या उष्म्यात उत्तर किनाऱ्यावर आणि काताञाच्या बाजूला काही बागाईतदारांनी लिंबे काढून आंबे लावले आहेत. त्यांचा आंबा ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत बाजारात येतो आणि ‘सिसिलीचा आंबा’ म्हणूनच विकला जातो. पाणी त्यालाही उन्हाळ्यातच लागते, आणि ते पुष्कळ ठिकाणी त्याच जुन्या जेब्बियांतून, त्याच सायांतून सोडले जाते.