दगड झिजला, चुना राहिला

मुरूडला वीकेंडला जाणारी बहुतेक मंडळी जंजिरा बघतात, सुरमई-पापलेटवर ताव मारतात आणि रविवारी रात्री ट्रॅफिकला शिव्या घालत परततात. मुरूडच्या पुळणीवरून समोर पाण्यात आणखी एक किल्ला दिसतो, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. तो पद्मदुर्ग. कोळ्यांच्या भाषेत कासा किल्ला.

ह्या किल्ल्याच्या तटबंदीत एक विचित्र गोष्ट आहे. दगड झिजून आत गेलेत आणि त्यांच्यामधला चुना मात्र जसाच्या तसा बाहेर उभा आहे. लांबून बघितलं तर भिंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते. दगड जोडायला वापरलेला माल दगडापेक्षा जास्त टिकला! ह्यावर आपल्याकडचं ठरलेलं वाक्य म्हणजे "बघा, काय तो आपला चुना!" चुना उत्तमच होता, वादच नाही. पण ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी दगडाची आणि समुद्राची आहे, आणि मला तीच जास्त भारी वाटते.

कोकणचा मुरूडच्या आसपासचा पट्टा म्हणजे बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून जो सह्याद्री झाला, तोच हा दगड. पण सगळा काळा पाषाण सारखा नसतो. काही थर घट्ट, तर काही थरांत लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी जाळी झालेली. शिवाय लाव्हा थंड होताना आकसतो, त्याच्या उभ्या भेगा पडतात. लाटेला नेमकं हेच हवं असतं. लाट भेगेवर आदळली की आतली हवा दाबली जाते, लाट मागे गेली की ती हवा एकदम सुटते. भेग केसभर रुंदावते. दहा सेकंदाला एक लाट धरली तर दिवसाला साडेआठ हजारांच्या वर धडका झाल्या, आणि पावसाळ्यातली नैऋत्येची लाट म्हणजे तर विचारूच नका.

त्यात लाट सरळ येत नाही. उथळ पाण्यात तिचा वेग कमी होतो, त्यामुळे ती भूशिराभोवती वळते आणि आपली ताकद तिथे एकवटते. दोन भूशिरांमधल्या खाडी-उपसागरात तीच ताकद पसरून पातळ होते आणि वाळू टाकून जाते. म्हणून कोकणात कडा, पुळण, पुन्हा कडा, मग एखादी खाडी असा क्रम दिसतो. कड्याचा पाया पोखरला की वरचा भाग कोसळतो आणि भरती-ओहोटीच्या पातळीला एक सपाट खडक उरतो. भूगोलाच्या पुस्तकातला 'तरंगघर्षित मंच' तो हाच. (मार्कांसाठी पाठ केलेला, आठवतंय का?) हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट ह्याच मंचावरून जाते. भरतीला तिकडे अजिबात जाऊ नका.

त्याच हरिहरेश्वरच्या कड्यावर बारीक बारीक खळग्यांची नक्षी आहे. ते काम लाटेच्या धडकेचं नाही, मिठाचं आहे. तुषार दगडाच्या छिद्रांत शिरतात, ऊन पडलं की पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून दगडाचे कण सुटे करतात. पद्मदुर्गाच्या भिंतीला झालाय तो हाच आजार. मीठ दगडात जसं शिरलं, तसं त्या घट्ट रगडलेल्या चुन्यात शिरू शकलं नाही.

आता गंमत बघा. हरिहरेश्वरचा कडा उघडा कधी पडला, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पद्मदुर्गाला मात्र तारीख आहे. सिद्दीचा जंजिरा हाती लागत नाही म्हटल्यावर शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात त्याच्यासमोर हा किल्ला उभारायला घेतला. दौलतखान आणि दर्यासारंग ह्यांना रसद पोचवण्यात हयगय झाली म्हणून महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक ह्याला लिहिलेलं खरमरीत पत्र प्रसिद्धच आहे. म्हणजे भिंत साडेतीनशे वर्षांची. आणि बाहेर उरलेला चुना ही तिची मूळ पातळी! चुन्याच्या कडेपासून दगडापर्यंत पट्टी धरा, की साडेतीनशे वर्षांत खाऱ्या वाऱ्याने किती दगड खाल्ला ते थेट मोजता येतं. असा प्रयोग ठरवून करायचा म्हटलं तर कुठलं विद्यापीठ एवढं थांबेल?

उत्तरेला अलिबागच्या कुलाब्याने ह्याच समुद्राला वेगळं उत्तर दिलंय. १६८० मध्ये काम सुरू झालं, संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. तिथल्या तटात मोठाले चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं, ताकद तिथेच जिरते आणि पाणी निथळून जातं. आमच्या भाषेत, सगळा लोड एका सर्व्हरवर येऊच द्यायचा नाही :-) पुढे कान्होजी आंग्र्यांचं हे मुख्य ठाणं झालं आणि १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी पडलं नाही.

हे सगळं आज उगाळायचं कारण म्हणजे कोकणभर बांधले जाणारे धूपप्रतिबंधक बंधारे. त्यातला सिमेंटचा सपाट, उभा बांध लाट जिरवत नाही, परतवतो. परतलेली लाट पायथ्याची वाळू घेऊन जाते, आणि ज्या पुळणीसाठी बांध घातला तीच आटत जाते. मोकळे दगड उतरते रचले तर हा त्रास बराच कमी होतो, पण तेही वाळूचा प्रवाह अडवतातच. गावकऱ्यांची माडाची वाडी समुद्रात जात असताना 'निसर्गाला त्याचं काम करू द्या' असं पुण्यात बसून सांगणं सोपं आहे, मान्य. पण भिंत घालायचीच असेल, तर ती घालणाऱ्याने आधी एक चक्कर कुलाब्याला ओहोटीच्या वेळी मारावी असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

जुन्या तटांच्या डागडुजीचंही तेच. सिमेंट कडक असतं आणि पाणी अडवून धरतं, त्यामुळे मीठ शेजारच्या दगडातच साचतं. पद्मदुर्गाच्या उरलेल्या दगडांना हे अजिबात परवडणारं नाही. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्राचे मानकरी आहेत. कुलाबा नाही, पद्मदुर्गही नाही.