पैसा कोणाच्या पदरात पडला?

वाचकहो, सरकारने शेतकऱ्याला रोख रक्कम द्यावी की देऊ नये, हा वाद आपल्या पारावर नेहमी रंगतो. पण गावात आलेला पैसा शेवटी कोणाच्या हाती राहतो, हे फारसे कोणी विचारीत नाही. त्यासाठी अमेरिकेतील एका कापसाच्या मुलखाची हकीकत पाहू.

१९२९ साली तिथे कापसाला पौंडामागे सुमारे १७ सेंट मिळत. १९३२ साली तोच भाव ६-७ सेंटांवर आला. माल उदंड आणि गिऱ्हाईक नाही. म्हणून रूझवेल्ट यांच्या सरकारने १२ मे १९३३ रोजी कायदा केला : शेतकऱ्याने पेरा कमी करावा, सरकार त्याचा मोबदला देईल. हा पैसा गिरण्यांवर कर बसवून उभा करायचा होता. त्या उन्हाळ्यात सुमारे १ कोटी एकरांवरील उभा कापूस नांगराखाली गेला. पिकावर पाय न देण्याची शिकवण मिळालेली खेचरे त्या तासांत चालेनात, असे सांगतात!

भाव १० सेंटांच्या आसपास चढला आणि पुष्कळ शेतकरी सावरले, हे मान्य केले पाहिजे. पण आता आर्कान्सा राज्यातल्या पॉइन्सेट काउंटीत चला. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका वा लहान जिल्हा समजा. इथे मोठमोठे जमीनमालक होते आणि त्यांची जमीन वाट्याने कसणारी गोरी व काळी गरीब कुटुंबे होती. घर, बियाणे, खेचर, उधारीचा किराणा सारे मालकाचे, पीक अर्धे-अर्धे.

१९३४ च्या करारात मोबदल्याचे दोन भाग होते. पडीक ठेवलेल्या जमिनीचे भाडे पौंडाला ३॥ सेंट, ते सगळे मालकाचे. भावाच्या भरपाईचा १ सेंट, तो मात्र दोघांत निम्मा-निम्मा. म्हणजे ४॥ सेंटांपैकी मालकाला ४ आणि वाटेकऱ्याला अर्धा! शिवाय पेरा घटला, तसे कसणारे हातही नकोसे झाले. कुळांची संख्या ‘शक्य तोवर’ कायम ठेवावी, असे करारात होते खरे. पण शक्य काय आणि अशक्य काय, हे ठरवणार कोण? तक्रार जायची काउंटीच्या समितीकडे, आणि समितीत बहुधा जमीनमालकच किंवा त्यांच्या ऊठबशीतले लोक. कुंपणाकडेच शेताची दाद मागायची, त्यातला प्रकार.

जुलै १९३४ मध्ये याच काउंटीत, टायरोन्झा गावाजवळच्या एका शाळेत ११ गोरे आणि ७ काळे शेतकरी एकत्र बसले आणि त्यांनी कुळांची संघटना काढली. त्या काळी त्या मुलखात दोघांनी एका संघटनेत येणे ही लहान गोष्ट नव्हती. पुढे फेब्रुवारी १९३५ मध्ये, कुळांची नुसती संख्या नव्हे तर तीच माणसे जमिनीवर राहिली पाहिजेत, असा अर्थ लावणाऱ्या सरकारी वकिलांनाच वॉशिंग्टनमध्ये घरी पाठवण्यात आले. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरण्यांवरील तो कर रद्द ठरवला. त्यानंतरच्या योजनांत कुळाचा वाटा वाढला. तेव्हा कित्येक मालकांनी वाटेकरी काढून रोजंदार मजूर लावले.

यात सरकारचा हेतू वाईट होता, असे नाही. पैसा कागदावरच्या नावाला मिळाला आणि घाम दुसऱ्याचा होता, एवढेच. हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. २०१९ साली सुरू झालेल्या पी. एम. किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये ठरले, तेही जमिनीच्या नोंदीवरून. तोंडी बोलीवर दुसऱ्याचे शेत वाट्याने करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर कोठून असणार?

शिक्षक मित्रांनो, इतिहासाच्या तासाला मुलांना एवढेच विचारा : आपल्या शिवारात कोणते शेत कोण कसतो, आणि सातबारा कोणाच्या नावाचा आहे? मुले घरून उत्तरे घेऊन आली, की अनुदानाचा हिशेब गावाला आपोआप कळू लागेल.