चित्रातले थर

दिवाळी अंक हाती आला की आपली नजर आधी मुखपृष्ठावर जाते. दारात पणती ठेवणारी एखादी स्त्री, मागे निळसर संध्याकाळ, वर आकाशकंदील आणि माथ्यावर अंकाचे नाव. पाहणाऱ्याला हे एकच चित्र दिसते. परंतु ज्याने ते संगणकावर रचले, त्याच्या लेखी ते एक नसतेच. त्याच्यापाशी संध्याकाळ वेगळी, स्त्री वेगळी, ज्योतीचा उजेड वेगळा आणि अक्षरे वेगळी. काचेची तावदाने एकावर एक ठेवून वरून पाहावे, तसा हा प्रकार. संपादकांनी साडीचा रंग बदलायला सांगितला, तर ज्योतीला धक्का न लावता तो तेवढी साडी बदलतो. या तावदानांना संगणकाच्या परिभाषेत ‘लेअर’ म्हणतात. आपण त्यांना थर म्हणू.

ही करामत संगणकाने प्रथम केली, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. एक भाग सुधारताना बाकीचे बिघडू नये, ही धडपड फार जुनी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या देवघरापर्यंत येऊन पोचलेला आहे.

१७९६ च्या सुमारास जर्मनीतल्या म्युनिक शहरी आलॉइस झेनेफेल्डर नावाचा एक नाटककार आपली नाटके स्वस्तात छापण्याच्या खटपटीत होता. त्यातून त्याला शिळाछापाची युक्ती सापडली. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, शिळा पाण्याने ओली करायची आणि वरून शाई फिरवायची. तेलापाण्याचे वैर असल्यामुळे शाई फक्त चित्राला धरते. पण एका शिळेवर एका वेळी एकच रंग! रंगीत चित्र हवे असेल, तर कारागिराने ते आधी मनातच फोडले पाहिजे: पिवळे काय ते एका शिळेवर, तांबडे दुसऱ्या, निळे तिसऱ्या. १८३७ मध्ये म्युलूझच्या गोदफ्रॉय एंगेलमान याने या रंगीत छपाईचे पेटंट घेतले. कागद प्रत्येक शिळेवर नेमका त्याच जागी बसावा लागे. केसभर सरकला तर ओठांची लाली हनुवटीवर उतरायची.

हीच विद्या १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत गिरगावात आणली. पुढे त्यांचा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि काही वर्षांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर ज्या कमळातल्या लक्ष्मीची तसबीर आपल्या आज्यापणज्यांनी मांडली, ती अशी थराथरांनी कागदावर अवतरली होती. निळा रंग चुकला तर निळ्याची शिळा तेवढी दुरुस्त करायची. बाकीच्या शिळांना हात लावण्याचे कारण नव्हते. मात्र काम संपले की शिळा घासून दुसऱ्या चित्रासाठी घ्यायची, अशी या धंद्याची सर्वत्र रीत होती. थर पुसले जात, आणि उरे ती त्यांची एकजीव झालेली बेरीज.

छायाचित्रकारांनाही हा मोह आवरला नाही. १८५७ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरच्या कलाप्रदर्शनात ऑस्कर रेजलँडर या मूळच्या स्वीडिश छायाचित्रकाराने ‘जीवनाचे दोन मार्ग’ अशा अर्थाच्या नावाचे एक भव्य चित्र मांडले. एक तरुण सदाचाराकडे वळलेला, दुसरा भोगाकडे, आणि भोवती माणसांची दाटी. इतकी माणसे एका वेळी कॅमेऱ्यापुढे उभी नव्हतीच. तीसहून अधिक निगेटिव्ह एकाच कागदावर एकामागून एक, बाकीचा भाग झाकून, छापल्या होत्या. खुद्द व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत खरेदी केली. एडिंबरोच्या प्रदर्शनात मात्र उघड्या देहांची बाजू झाकून उरलेले अर्धेच चित्र लोकांना दाखवण्यात आले. पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. १८५८ मध्ये रेजलँडरने लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीपुढे निबंध वाचला आणि हे चित्र आपण कसकसे जुळवले ते स्वतः सांगून टाकले.

त्यानंतर चित्रे हलू लागली, आणि थरांची गरज दसपटीने वाढली. १९१४ मध्ये विन्सर मॅके या अमेरिकन चित्रकाराने गर्टी नावाच्या डायनोसॉरला पडद्यावर नाचवले. तेव्हा प्रत्येक चित्रात गर्टीबरोबर मागचे डोंगर आणि झाडही पुन्हा नव्याने काढावे लागे. ते हमालीचे काम त्याचा एक साहाय्यक करी. त्याच सुमारास अर्ल हर्ड याने पारदर्शक सेल्युलॉइडचा उपाय काढला. डोंगर एकदाच काढायचा आणि हलणारे पात्र तेवढे पारदर्शक पत्र्यांवर रंगवून त्यावर ठेवायचे. पुढे जर्मनीत लोटे रायनिगर हिने १९२६ च्या आपल्या छायापटासाठी काचांचे मजले रचले, आणि १९३७ मध्ये डिस्नेच्या कारखान्यात उंच मनोऱ्यासारखा कॅमेरा उभा राहिला. सपाट चित्राजवळ कॅमेरा नेला की घराबरोबर आकाशातला चंद्रही फुगू लागे. चंद्र वेगळ्या काचेवर, दूर ठेवला, तेव्हा तो चंद्रासारखा वागू लागला!

आता संगणकाकडे येऊ. संगणकातले चित्र म्हणजे बारीक चौकटींचे जाळे. प्रत्येक चौकटीत तांबडा, हिरवा आणि निळा यांचे तीन आकडे. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका तंत्रसंस्थेत एड कॅटमुल आणि अल्वी रे स्मिथ यांनी त्यांत चौथा आकडा घातला: ही चौकट किती झाकते आणि किती पार दिसू देते, हे सांगणारा. त्याला त्यांनी ‘अल्फा’ नाव दिले. कपाळावरच्या भुरभुरत्या बटेची कड ना पुरती केसांची, ना पुरती आकाशाची. तिचे हे अर्धेमुर्धेपण त्या आकड्याने प्रथम नीट नोंदवले. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एका थरावर दुसरा ठेवण्याचे सारे गणित सूत्रबद्ध केले.

थॉमस आणि जॉन नॉल या बंधूंचा ‘फोटोशॉप’ १९९० मध्ये बाजारात आला, तेव्हा त्यात थर नव्हते. एक तुकडा उचलून दुसऱ्या चित्रावर डकवला आणि निवड सोडली, की तो भिंतीवरच्या रंगासारखा कायमचा चिकटे. मागे जाण्याची मुभाही एकाच पावलाची. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत थर आले आणि चित्रकाराचा हात मोकळा झाला. थर वरखाली करावा, फिका करावा, मिटवून ठेवावा. मास्क नावाची सोय तर मोठी उदार: काळे फासले तेथे थर दडतो, पांढरे फासले की परत येतो; कापून टाकावे असे काही उरतच नाही. एका थराचा रंग खालच्या रंगाशी गुणून गडद करण्याचीही सोय आहे. शाईवर शाई चढली की जे होते, तेच ते. मळवलीचा कारागीर आज आला, तर ही खूण त्याला लगेच पटेल.

चुकण्याचे भय गेले. पण त्याबरोबर सांधाही दिसेनासा झाला, आणि खरा प्रश्न येथेच उभा राहतो. फेब्रुवारी १९८२ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाच्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड होते. मूळचे छायाचित्र आडवे आणि मुखपृष्ठ उभे. तेव्हा संगणकाच्या साहाय्याने ते पिरॅमिड जवळ सरकवण्यात आले. फोटोशॉपचा जन्म त्यानंतर आठ वर्षांचा. रेजलँडरने तीसहून अधिक तुकडे जोडले, तरी तो खोटा ठरत नाही. मासिकाने एकच गोष्ट हलवली, तरी त्यावर टीकेचे मोहोळ उठले. असे का? रेजलँडरने जोड कबूल केला होता; मासिकाचे चित्र मात्र डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीच्या वेषात आले होते. थर किती, हा प्रश्न गौण आहे. ते सांगितले की लपवले, हा मुख्य.

हे फक्त मोठ्या मासिकांपुरते आहे असे मानू नये. आपल्याकडचे फोटोवाले दिवंगत आजोबांना नातवाच्या लग्नातल्या समूहचित्रात बसवून देतात. जुना काळा-पांढरा चेहरा रंगवतात, नवा फेटा चढवतात आणि आजीच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत त्यांना स्थानापन्न करतात. यात पाप कसले? आजीच्या डोळ्यांत पाणी येते, ते खरेच असते. आज घरातल्या प्रत्येकाला त्यातले गुपित ठाऊक आहे. पण आणखी चाळीस वर्षांनी पणतू ते चित्र काढील आणि म्हणेल, पणजोबा लग्नाला होते! त्याला दुरुस्त करणारे तेव्हा कोणी नसेल.

थरांची मूळ फाइल जपली, तर प्रत्येक तावदान पुन्हा वेगळे करून पाहता येते. पण छपाईसाठी किंवा फोनवर धाडण्यासाठी चित्र सपाट केले की थर एकमेकांत विरतात आणि घासलेल्या शिळेसारखे ते पुन्हा हाती लागत नाहीत. म्हणून असे चित्र घरात लावताना तसबिरीच्या पाठीमागे पेन्सिलीने दोन ओळी लिहून ठेवाव्यात: आजोबा कोणत्या साली गेले, त्यांचा चेहरा कोणत्या फोटोतून घेतला आणि लग्न कधीचे. प्रेमाने जोडलेल्या चित्राला त्याने काही उणेपण येत नाही, आणि पणतवाला दोन्ही गोष्टी मिळतात, आजोबाही आणि खरे काय तेही.