पारदर्शक स्थिरविद्युत अ‍ॅक्चुएटर

पडद्याच्या काचेवर बसवलेली, आरपार दिसणारी रचना. विजेच्या ओढीने ती बोटाला स्पर्शाचा भास देते किंवा स्वतः हलते. मोटार नाही, स्प्रिंग नाही.

मूळ शोध योगायोगाचा. एडवर्ड मॅलिंकरोट यांना दिव्याचे पितळी सॉकेट दिवा चालू असताना बोटाला कमी गुळगुळीत लागले. त्यांनी सहकाऱ्यांसह १९५३ साली ‘सायन्स’मध्ये हा परिणाम मांडला.

काचेवर इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर, त्यावर निरोधकाचा पातळ पापुद्रा. थराला उलटसुलट विद्युतदाब दिला की कातडी त्याकडे ओढली जाते आणि घर्षण बदलते. विद्युतदाब दुप्पट केला तर ओढ चौपट होते. बोट सरकत असेल तरच खरखरीतपणा कळतो, थांबलेल्या बोटाला काहीच जाणवत नाही. डिस्ने रिसर्चने २०१० साली दाखवलेल्या ‘टेस्लाटच’मध्ये एकच विद्युतअग्र होते, त्यामुळे सगळ्या बोटांना एकसारखाच संकेत मिळे. दोन हातांच्या कामाला हे तोकडे पडते.

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्यासारख्या कारखान्यांत आता यंत्रांवरही टचपॅनेल आली आहेत. पॅनेलकडे न पाहता बोटाने स्लायडर ओळखता आला, तर नजर यंत्रावर ठेवता येईल. अडचण हातमोज्यांची. जाड रबरी मोजा घातला की ओढ कातडीपर्यंत पुरेशी पोचत नाही. आणीबाणीच्या लाल मशरूम बटणाची जागा तर ही काच घेऊच शकत नाही, तिथे दाबल्यावर जागेवर अडकणारे खरे बटणच हवे.

हवेचाही प्रश्न आहे. घामेजलेल्या बोटाला हा परिणाम फिका लागतो, म्हणजे वैदर्भीय उन्हाळ्यातले कोरडे बोट चांगले आणि श्रावणातले चिकट बोट वाईट.

प्रत्यक्ष हलणाऱ्या शाखेत मात्र हिशेब उलटा होतो. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ साली ताणता येणाऱ्या रबराच्या दोन्ही बाजूंना खारे हायड्रोजेल लावून पारदर्शक लाउडस्पीकर बनवला. विद्युतदाब दिला की रबर दबून पसरते. असल्या रबरी पापुद्र्याने बटण काचेवर उंचावता येईल, पण त्याला हजारो व्होल्ट लागतात. शिवाय हायड्रोजेलमधले पाणी नागपूरच्या मे महिन्यात उडून जाईल. त्यावर उपाय म्हणून लिथियम क्लोराइडसारखे ओलावा धरून ठेवणारे क्षार जेलमध्ये मिसळतात.